पसंतीक्रम एक : मासे

करिश्माचा ॲडमिशनचा फॉर्म आपणच भरायचा असं मी ठरवलं, तिथंच घात झाला. पोरगी म्हणत होती, "पप्पा, मी भरते की." पण एकोणीस वर्षं बदल्यांचे अर्ज भरलेला कारकून घरात बसलेला असताना (जिल्हा परिषद, मुक्काम मुरुड) लेकरानं कशाला हात लावायचा?

दोन वर्षं लातूरला क्लास लावूनही डॉक्टरकी थोडक्यात हुकली होती. उरले शेतीच्या गटातले कोर्स. मला कृषी पाहिजे होतं. पोरगी पुढं साहेब झाली असती. वनविद्या घेतली तर वाघाच्या मागं फिरायचं, आणि मत्स्यविज्ञान तर बोलूच नका. आम्ही लिंगायत. शेजारी आमलेट झालं तरी आमच्या खिडक्या लागतात.

आता बदलीच्या अर्जाचं एक गुपित सांगतो. पहिल्या नंबरावर लिहिलेलं गाव साहेब कधीच देत नाही. मुरुड पाहिजे असेल तर पहिल्या नंबरावर जळकोट लिहायचं आणि मुरुड गुपचूप दुसऱ्यावर. (मी मुरुडला असाच आलो.) त्याच हिशोबानं मी फॉर्म भरला. एक, मत्स्यविज्ञान, उदगीर. दोन, कृषी, लातूर. बटण दाबलं आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

यादी लागली तेव्हा मी ऑफिसात होतो. शेजारच्या टेबलावरच्या महादेवप्पांनी मोबाईलवर बघितलं.

"मन्मथराव, पेढे काढा! पहिलाच नंबर लागला!"

"पहिला? दुसरा बघा हो, दुसरा!"

"दुसरा कशाला? मासे, उदगीर. लई भारी!"

"नको म्हणून सांगू. दुसरा द्या म्हणू."

"तसं न्हाई जमत. पहिला मिळाला की घ्यावाच लागतो, न्हाईतर घरी बसा."

त्र्याण्णवच्या भूकंपात मी खाटेवरून पडलो नव्हतो, त्या दिवशी खुर्चीवरून पडलो. कॉम्प्युटर साहेबासारखा वाकडा नसतो, मागितलं ते सरळ देऊन टाकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या हातानं लेकीला चालायला शिकवलं, त्याच हातानं तिच्या जन्माचं वाटोळं केलं. तसाच घरी निघालो.

दारातच करिश्मा गळ्यात पडली. रडत होती.

"बाळा, माझं चुकलं..."

"पप्पा, तुमाला कसं कळलं ओ?"

"काय?"

"मला फिशरीच पायजे होतं! घरात माशाचं नाव काढायची भीती वाटायली होती. तुमी भरलेला फॉर्म मोबाईलवर बघितला अन् रातभर रडले. बोलले तर बदलताल म्हणून गप बसले."

मी घसा साफ केला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाला न सांगता कळतं बाळा." (खोटं बोलताना माझा आवाज फार छान लागतो.)

आत चहा ठेवता ठेवता बायको हळूच म्हणाली, "बदलीच्या अर्जावानी भरला न्हवं?"

मी मान खाली घातली. "सांगून टाकू का तिला?"

"गप बसा. अठरा वर्षांत पहिल्यांदा पोरीला बाप हुशार वाटायलाय. चार दिवस वाटू द्या."