लापशीत शिजलेली रबरं

हिरालालच्या अंकुरला मुलगा झाला आणि होळीला त्याची धुंड करायचं ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात मुलगा जन्मला की पहिल्या होळीला तांड्यावर त्याची धुंड करतात. होळी खेळणारे तरुण गेरिये काठ्या वाजवत गाणी म्हणतात, सोयरे जमतात आणि पोटभर जेवून जातात. हिरालालने सगळ्या सोयऱ्यांना फोन लावले. शेवटचा फोन सासऱ्यांना, किन्हीराजाकडच्या तांड्यावर.

"येतो ना," सेवालाल म्हणाले. "रिसोडलोक यष्टीनं येतो. तिथं घ्याले या."

"जीप पाठवतो, मामा."

"जीप कायले? माही गाडी हाय ना तुमच्याजवळ! चालते ना?"

"एका किकमधे," हिरालाल म्हणाला.

हे उत्तर त्याच्या तोंडून आपोआप निघायचं. लग्नात सासऱ्यांनी त्याला दोन सिलिंडरची मोटारसायकल दिली होती. अख्ख्या तांड्यात तशी गाडी दुसरी नव्हती. तेव्हापासून म्हातारा भेटला की हेच विचारी आणि हिरालाल हेच सांगे. पुढे फोन आले, तरी सवाल तोच आणि जवाब तोच. खरं म्हणजे गाडी कितीतरी वर्षं बकऱ्यांच्या कोठ्यात उभी होती. सीटवर कोंबडी अंडी घालत होती आणि चाकाला बोकड बांधलेला असे.

फोन ठेवल्याबरोबर त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली, "आता तरी खरं सांगून टाका. बा काही खात नाई तुमाले."

"तुहा बा हाय, तुले नाई खात. मी जवाई हाओ. सगळ्या सोयऱ्यात म्हणन, माही गाडी जवायानं बोकड बांधाले ठेवली."

"बाबा, माही गाडी घेऊन जा ना," अंकुर म्हणाला. "आजाले सांगा, रंग नवा मारला."

"अन् एक सिलिंडर कमी केलं म्हणून सांगू काय?"

शेवटी बादलला बोलावलं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणं हा बादलचा धंदा. मोटारसायकल त्याने कधी खोलली नव्हती, पण तो मागे हटणारा नव्हता. "इंजिन म्हणजे इंजिन, हिरालालभाऊ. पाणी ओढो नाईतं माणूस ओढो."

खोलायचं काम झटक्यात झालं. दोन्ही कार्ब्युरेटर निघाले. आतल्या जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन दोघांनी ते लख्ख केले. लफडं झालं ते परत बसवताना. कार्ब्युरेटरच्या एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला हवेचा डबा. डबा आणि कार्ब्युरेटर जोडायला मध्ये जाड रबराची आखूड नळी असते, तिला मिस्त्री लोक बूट म्हणतात. दोन कार्ब्युरेटर, म्हणून रबरंही दोन. ती वाळून खारकेसारखी कडक झाली होती. कार्ब्युरेटरकडचं तोंड बसलं की डब्याकडचं निसटे. डावं बसलं की उजवं बाहेर येई.

"दाब!"

"दाबून राह्यलो ना!"

"मंग हे माह्याकडे काहून येऊन राह्यलं?"

"तू तिकडून ढकलतं म्हणून माह्याकडे येऊन राह्यलं, लेका!"

साबण लावून पाहिला. साबणाने कार्ब्युरेटर असा सुळकन सुटला, की थेट बकऱ्यांच्या पाण्याच्या घमेल्यात जाऊन पडला. तो पुन्हा खोलला, पुन्हा पुसला. मग बादलने डोकं खाजवलं आणि सांगितलं, "उकळत्या पाण्यात टाका. रबर ताज्या भाकरीवाणी नरम होते."

अंगणातल्या चुलीवर मोठ्या गंजात पाणी खळखळत होतं. हिरालालला वाटलं, पाहुण्यांच्या आंघोळीचं असेल, दोन मिनिटांनी काय बिघडतं! त्याने दोन्ही रबरं गंजात सोडली आणि सांडशी शोधायला वळला, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. म्हाताऱ्याला उद्याची कोणती यष्टी धरावी ते विचारायचं होतं आणि त्याआधी यंदाचा हरभरा कसा झाला ते सांगायचं होतं. हिरालाल फोन कानाला लावून कुंपणापर्यंत गेला. तेवढ्या वेळात कस्तुराबाई घरातून आली, गंजात दलिया ओतला, वरून तूप सोडलं आणि झाकण ठेवलं. पाणी रात्रीच्या जेवणातल्या लापशीचं होतं. गूळ तिने आधीच टाकला होता.

हिरालाल सांडशी घेऊन आला तेव्हा कस्तुराबाई पळी फिरवत होती. पळीला तळाशी काहीतरी जड लागलं. खोबऱ्याचा तुकडा असेल म्हणून तिने वर काढला.

"हे काय हाय?"

"रबर."

"लापशीत?"

"मी टाकलं तवा पाणीच होतं ते."

"गुळाचं होतं! अन् हे एकच हाय काय?"

"नाई," हिरालाल हळूच म्हणाला. "जोडी हाय."

कस्तुराबाईने लापशी म्हशीपुढे नेऊन ठेवली. म्हशीने एकदा हुंगली आणि तोंड फिरवलं. इकडे रबरं मात्र तुपागुळात नरम झाली होती, चमकत होती. बादलने अंगठ्याने जरासा रेटा दिला, तर दोन्ही अशी जाऊन बसली जशा लेकी माहेरी येतात.

"पाह्यलं? याले म्हणतात कारागिरी!" बादल म्हणाला.

"पुसून तरी घ्या," कस्तुराबाई म्हणाली. "मुंग्या लागतीन."

"पुसली तं पुन्हा अडतीन. अन् गाडीले कायच्या मुंग्या लागतात?"

एका किकमध्ये नाही, पण दिवस मावळायच्या आत गाडी सुरू झाली. धुराला बुडाशी लागलेल्या लापशीचा वास येत होता. कस्तुराबाईने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली, "उद्या रिसोडहून गुळाची भेली आणजा. नाई आणली, तं बाले सारं मीच सांगते."

रात्रभर गाडी अंगणात उभी राहिली. सकाळी ती दोनदा खोकलली आणि निघाली. रिसोडला हिरालालने आधी भेली घेतली, मग स्टँडसमोर गाडी तशीच चालू ठेवून उभा राहिला. बंद केली आणि सासऱ्यांसमोर सुरूच झाली नाही तर? यष्टी आली. सेवालाल उतरले, धोतर झटकलं, गाडीभोवती एक फेरी मारली.

"बंद करा, जवाई. किक मी मारतो."

"कायले मामा, चालूच हाय ना!"

"बंद करा म्हणतो ना."

हिरालालने चावी फिरवली आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना नारळ कबूल केले. म्हाताऱ्याने पाय उचलला, किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. हिरालालला जेवढं नवल वाटलं, तेवढंच सेवालालच्या तोंडावरही दिसलं. पण तेव्हा तिकडे ध्यान द्यायला हिरालाल शुद्धीवर नव्हता.

"सरका मांगं," म्हातारा म्हणाला. हिरालाल भेली मांडीवर घेऊन मागे बसला.

वाटेतलं रिठद गाव अजून थोडं दूर होतं, तेव्हा गाडीला ठसका लागला. मग उबळ आली. मग ती रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली थांबली ती थांबलीच. सेवालाल खाली उतरले आणि सीट उचलली. सीटखालून मूठभर लेंड्या घरंगळल्या.

म्हाताऱ्याने एक लेंडी बोटांत धरून पाहिली. "जवाई, ह्यापन एका किकमधे चालू होतात काय?"

हिरालालने मान खाली घातली. सेवालालने हात घालून रबर ओढलं, तर ते सहज निघून आलं. आत काळ्या मुंग्यांची वारुळासारखी गर्दी होती. कितीतरी कार्ब्युरेटरच्या नळीत ओढल्या जाऊन मेल्या होत्या. रबराच्या काठाला दलियाचे दाणे चिकटले होते. म्हाताऱ्याने रबर नाकाला लावलं.

"गूळ?"

"अन् तूप," हिरालाल म्हणाला. "बसतच नव्हती, मामा. गाडी बकऱ्याच्या कोठ्यात होती. म्या तुमाले खोटं सांगतलं. आज चार लोकांत..."

सेवालाल बाभळीला टेकून खाली बसले. त्यांचे खांदे हलू लागले. म्हातारा रडतो की काय, म्हणून हिरालाल घाबरून वाकला, तर म्हातारा हसत होता.

"म्या एरंडीचं तेल लावलं होतं," ते म्हणाले.

"कवा?"

"तुमच्या लग्नाच्या आदल्या दिशी. हे रबरं मलेबी कधी बसले नाई. जीव खाल्ला होता त्याईनं माहा. तेल चोपडून कसे तरी बसवले, मांडवालोक गाडी आणली अन् तुमच्या गळ्यात बांधली."

"मंग हर वक्ती विचारत काहून होते, गाडी चालते काय म्हणून?"

"भेव वाटे! तुमी वापस आणून देसान अन् साऱ्या तांड्यात माही अब्रू घेसान. तुमी एका किकमधे म्हणलं का मले झोप लागे."

तेवढ्यात हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. ड्रायव्हरने आणि हिरालालने गाडी ढकलत कुटारावर चढवली. सेवालाल स्वतः तिच्यावर टांग टाकून बसले आणि हँडल धरलं. हिरालाल मागून गाडीला टेकू देत, भेली सांभाळत उभा राहिला. तांड्यात ट्रॉली शिरली तेव्हा अंगणात नगारा सुरू झाला होता. लोकांना वाटलं, ही मिरवणूकच आहे. गेरिये नाचत पुढे आले.

"काहून वो मामा, गाडी चालत नाई काय?" शेजारच्या गोमतीबाईने विचारलं.

"चालत नाई कशी?" सेवालाल वरून ओरडले. "एका किकमधे! पनतूची धुंड हाय, मिरवत आणली."

हिरालालने कस्तुराबाईच्या हातात भेली दिली. तिने बापाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि चूल पेटवली. धुंड झाली, पंगत बसली. लापशीचा गंज आला तेव्हा सेवालालने वाढणाऱ्याच्या हातून पळी घेतली, तळापर्यंत एकदा फिरवून पाहिली आणि मगच ताट पुढे केलं.

गाडी परत बकऱ्यांच्या कोठ्यात गेली. फोन मात्र वाढले.

"गाडी चालते ना, जवाई?"

"एका किकमधे, मामा."

मग दोन्हीकडून हसणं, आणि फोन बंद. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी असाच फोन आला, असंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी पहाटे, सेवालाल झोपेतच वारले.