तुळशीरामभाऊंचा डावा गाल

तुळशीरामभाऊ हसताना फक्त उजवा गाल हलवायचे. डावा त्यांनी हसण्यासाठी कायमचा बंद केला होता. शिव्यांना मात्र ही सवलत नव्हती. त्या ते पूर्ण तोंडानं द्यायचे.

भाऊ अमरावतीच्या कापूसबाजारात दलाल आणि मी त्यांचा शेजारी, पुण्याकडून आलेला पंतोजी. साता समुद्रापलीकडं गोरे आपसांत लढत होते, तिकडचा कापूस अडला होता आणि त्या पुण्याईनं इकडं बैलांच्या शिंगांनासुद्धा चांदी चढली होती. जिथं पैसा तिथं वैद्य. गल्लोगल्ली धन्वंतरी उगवले, आणि भाऊंच्या गालावर सगळ्यांचं पोट भरू लागलं.

त्या गालात कळ यायची. घास चावताना, चूळ भरताना, कधी नुसत्या झुळुकीनं. कानापासून हनुवटीपर्यंत वीज जायची आणि क्षणात माणूस पूर्ववत. ना सूज, ना जखम. म्हणून भाऊंचा सख्खा धाकटा भाऊ चारचौघांत सांगायचा, "दादाले कामाचा कंटाळा आला, दुसरं काई नाई."

"दुसऱ्याचं थोबाड, सांगायले काय जाते!" हे भाऊंचं ठरलेलं उत्तर.

वैद्यबुवांनी वात सांगून महिनाभर पेज पाजली. परतवाड्याच्या हकिमांनी गरमी सांगून गालाला जळवा लावल्या. जळवा जाड झाल्या, भाऊ रोड झाले. मग दात काढणारा आला. त्यानं एक दात काढला, कळ तिथंच. शेजारचा काढला, त्याच्याही शेजारचा काढला. तो पुढच्या दाताकडं प्रेमानं पाहू लागला तेव्हा भाऊ ओरडले, "अबे, दात काढून राहिला का कापसाची पऱ्हाटी उपटून राहिला?"

शेवटी कोणीतरी अकोल्याच्या गोऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं. भाऊंनी बैलांची दमणी जुंपली आणि दुभाषा म्हणून मला आत कोंबलं. मला इंग्रजी मुळाक्षरांपुरतंच यायचं, पण अमरावतीत तेवढ्यावर विद्वान होता येई. वाटेत चाक खड्ड्यात गेलं की भाऊ गाल धरून रस्त्याच्या सात पिढ्या उद्धरत.

सुदैवानं साहेबाला मोडकंतोडकं मराठी येत होतं. त्यानं एका बोटानं गालाला नुसता स्पर्श केला आणि भाऊ स्टुलावरून उडालेच.

"दात चांगला. नस खराब," साहेब म्हणाला.

"म्हंजे काढले थे दात चांगले होते?"

"होय."

भाऊंनी बोटांवर तीन मोजले. मग म्हणाले, "बरं होईन का?"

"कदाचित थोडं कमी."

कडू पूड आणि अफूच्या अर्काची बाटली घेऊन आम्ही बाहेर पडलो. "‘कदाचित’ ऐकायले बैलं दमवले!" भाऊंची सुरुवात झाली होती.

ओसरीत एक माळीण भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. शेजारी तिचा सासरा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, "सोंग करते. वांगे तोडायची येळ आली का हिचा गाल दुखते."

भाऊ थांबले. तिच्यापासून जरा अंतर ठेवून खाली बसले.

"बाई, चावतानी वीज पडते?"

तिनं डोळे उघडून मान हलवली.

"पाण्यानंबी?"

"वाऱ्यानंबी," ती म्हणाली. मग तिनं कानापासून हनुवटीपर्यंत बोट नेलं, पण गालाला लागू न देता. तसं बोट नेणारा माणूस मी एकच पाहिला होता.

भाऊंचे डोळे भरून आले. ते सासऱ्याकडं वळले तशी मी शिव्यांची तयारी ठेवली. पण भाऊंनी हात जोडले.

"बुवा, खरं हाये हे. मलेबी हाये. चाला आत, मी सांगतो साहेबाले."

भरजरी पागोट्याचा माणूस हात जोडतोय म्हटल्यावर सासरा मुकाट उठला. भाऊ त्यांच्याबरोबर आत गेले आणि तिला औषध मिळेपर्यंत बाहेर आले नाहीत.

परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही खड्ड्याला शिवी दिली नाही. अमरावती दिसू लागली तेव्हा म्हणाले, "पंतोजी, मले वाटे का मीच येडा झालो."

महिन्याभरानं त्यांनी पुन्हा दमणी जुंपायला सांगितली. बाटली अजून अर्धी भरलेली होती. मी ती त्यांच्यापुढं धरली.

"थे राहू द्या," भाऊ म्हणाले. "परवा त्या बाईले साहेबानं औषधाले बोलावलं हाये. कमी झालं का, तेवढं इचारून येतो."