खर्चे काकांची भाड्याची जागा

साहेबराव खर्चे यांना राँग नंबर लागला की लावणाऱ्याचा अर्धा तास गेला म्हणून समजावं. समोरचा "सॉरी, चुकून लागला" म्हणून फोन ठेवायला जातो, तर काका विचारतात, "कोण पायजे होतं तुमाले?" मग तो माणूस कुठला, काय करतो, त्याचा नंबर कुणाकडे असेल, याचा शोध सुरू होतो. एकदा नांदुऱ्याच्या एका बाईंना गॅस शेगडी दुरुस्त करणारा हवा होता. काकांनी तो शोधला आणि संध्याकाळी फोन करून शेगडी पेटली का तेही विचारलं.

मी मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर कॉम्प्युटर क्लास चालवते. काका तिथे पहिल्यांदा आले तेव्हा कृषी सहायक म्हणून निवृत्त होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, शेतकऱ्यानं विचारलं की उत्तर भेटलं पायजे, असं काही कॉम्प्युटरवर होते का?"

"होतं की. वेबसाइट करता येईल."

"कवापर्यंत चालू राह्यते ते?"

"चोवीस तास."

त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला आणि मला नीट पाहून घेतलं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला चोवीस तास हा शब्द जरा संशयाचाच वाटला असावा.

अशी 'पऱ्हाटी' सुरू झाली. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. साइट अगदी साधी होती. कुणीही मोबाइलवरून प्रश्न लिहावा, पानाचा फोटो टाकावा, काका उत्तर देणार. बीटी कपाशी येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीचं कौतुक संपलं होतं. ज्या बियाण्याला बोंडअळी शिवणार नाही असं सगळ्यांनी ऐकलं होतं, त्याच्याच बोंडात आता गुलाबी अळी निघत होती आणि विचारायचं कुणाला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे प्रश्न भरपूर येत. काका रोज सकाळी दहाला क्लासमध्ये येत, दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसत आणि एका बोटाने उत्तरं लिहीत. नमस्कार-चमत्कार नाही. पोरं आली की "काऊन रे, बाप काय म्हणते? पऱ्हाटी कशी हाय?" एवढंच.

अडचण होती ती साइटच्या जागेची. वेबसाइट आपली असली तरी ती ठेवलेली असते दुसऱ्याच्या मशीनवर. त्याला होस्टिंग म्हणतात. मी हे काकांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे भाड्याची खोली." तेव्हापासून त्या कंपनीला ते घरमालक म्हणायचे. हा घरमालक मीच निवडला होता, स्वस्त पाहून. ती माझी चूक. आठवड्यातून एकदा तरी खोलीला कुलूप असायचं. काका कस्टमर केअरला फोन लावायचे. तिकडून ध्वनिमुद्रित बाई सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. काका तिलाही उत्तर द्यायचे. "हो, बाई. थांबतो. काई घाई नाई." ती पुन्हा तेच म्हणायची, ते पुन्हा थांबायचे. एकदा खरा माणूस फोनवर आला तर काकांनी त्याला विचारलं, "तुमची मशीन कोठी ठेवली हाय? रात्री तिच्यापाशी कोण राह्यते?" त्याने फोन ठेवला.

मग एका वर्षी, ऐन बोंडं धरायच्या दिवसांत, साइट बंद पडली ती चार दिवस उघडलीच नाही. पहिल्या दिवशी काका खुर्चीवर नुसते बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आले नाहीत. दुपारी मी बसस्टँडवर गेले तर नोटीस लावायच्या फळीपाशी काका उभे. हातात डिंकाची बाटली. त्यांनी कागद चिकटवला होता: 'पऱ्हाटी बंद आहे. ज्यांनी विचारले त्यांच्याकडे मी बसने येत आहे. सा. खर्चे.'

"काका, कुणाकुणाकडे जाणार?"

"पाच जनाचं राह्यलं. मले पाठ हाय."

आणि ते खरंच गेले. चौघं सापडले. पाचवा, फुलगळीबद्दल विचारणारा, वडनेर भोलजीचा होता आणि त्याने नाव नुसतं 'सागर' लिहिलं होतं. वडनेरला काकांना तीन सागर भेटले. फुलगळ कुणाची आहे हे न विचारताच त्यांनी तिघांनाही सगळं समजावून सांगितलं. तिसऱ्या सागरचं मोबाइलचं दुकान होतं आणि त्याच्याकडे गुंठाभरही शेत नव्हतं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा पाजला आणि बसला बसवून दिलं. "लय गुणाचा पोरगा," काका म्हणाले. "पुढं कवा शेती केली तर कामी येईन त्याले."

परत आले तेव्हा पाय सुजले होते. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, घरमालक बदला. भरवशाचा पाहा."

मी माझ्या परीने पाहायला लागले. कुणाचा सर्व्हर किती बंद पडतो, कोण रोज बॅकअप घेतं, लोक काय सांगतात. चार कंपन्या निवडून कागदावर लिहिल्या. काकांनी कागद घेतला आणि स्वतःच्या पद्धतीने परीक्षा घेतली. चारही कंपन्यांच्या मदतकेंद्राला त्यांनी एकच प्रश्न पाठवला: 'पऱ्हाटीची पानं लाल होऊन राह्यली. काय करू?'

मी कपाळाला हात लावला. "काका, ती कॉम्प्युटरची माणसं आहेत."

"मले माहीत हाय. पाहू तं द्या."

दोन कंपन्यांकडून काहीच आलं नाही. तिसरीकडून आलं की आपली तक्रार नोंदवली आहे, आणि दुसऱ्या दिवशी आलं की तक्रारीचं निवारण झालं आहे. चौथीकडून एका मुलीचं मराठीत उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, 'सर, आम्ही होस्टिंगचं काम करतो. पिकातलं मला काही कळत नाही आणि चुकीचं सांगायचं नाही. कृपया जाणकाराला विचारल्याशिवाय काही फवारू नका. वेबसाइटबद्दल काही असेल तर मला जरूर विचारा.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "हिच्याकडं जागा घ्या," म्हणाले. मग तिला उत्तर लिहायला बसले. पानं लाल होण्याला लाल्या म्हणतात, जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलं की असं होतं, त्यासाठी काय करावं, सगळं. तासभर लागला. माझ्या यादीतही तीच कंपनी पहिली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

साइट हलवणं म्हणजे एकेक पान इकडून उचलून तिकडे ठेवणं आणि काही सांडलं नाही ना ते पाहणं. ते करताना मला अगदी पहिला प्रश्न दिसला. साइट सुरू झाली त्या दिवसाचा. विचारणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. 'अळी दिसते. दोन औषधं एकत्र करून मारू का?' खाली काकांचं उत्तर. आमच्या साइटवर उत्तर बदललं की जुनं मागे साठून राहायचं. या उत्तरामागे जुन्या उत्तरांची रांगच होती. सुरुवातीची पानभर लांब, औषधांच्या नावांसकट, तोंडाला फडकं कसं बांधावं, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहावं. मग हळूहळू छोटी होत गेलेली. सगळ्यात नवं, गेल्याच महिन्यातलं, एवढंच होतं: 'नका मारू. मले फोन करा. मी येतो.'

"हा प्रश्न कुणाचा, काका?"

ते एका बोटाने काहीतरी लिहीत होते. थांबले. "म्याच लिहिला. हबीबचा हाय."

शेख हबीब हे अमडापूरचे शेतकरी. काकांची नोकरी बरीच वर्षं त्या भागात होती, तेव्हाची दोस्ती; अजूनही काका महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जात. अळी पुन्हा आली त्या पहिल्या वर्षी हबीबभाईंनी दोन औषधं एकत्र करून डोक्याइतक्या उंच कपाशीत फवारली. दवाखान्यातून जिवंत घरी आले, पण डोळे अधू झाले ते झालेच. "फवारायच्या आंधी माह्या ऑफिसात विचारायले आलता तो," काका म्हणाले. "कुलूप होतं." एवढं बोलून ते पुन्हा लिहायला लागले.

नवी जागा चालू झाली आणि काकांनी अमडापूरला जायचं ठरवलं. हबीबभाईंना दाखवायचं होतं. मला तसंही चिखलीला मावशीकडे जायचं होतं, म्हणून आधी त्यांच्याबरोबर गेले. हबीबभाई ओसरीत खाटेवर बसले होते. पावलं ऐकूनच म्हणाले, "आला का बे साहेबराव?" काकांनी मोबाइल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. "हे पाय. आता बंद पडत नाई." हबीबभाईंना काही दिसलं नसावं, तरी त्यांनी पडद्यावरून बोट फिरवलं आणि "बहोत बढिया" म्हणाले. मग कुणीतरी काकांना शेजारचं शेत पाहायला बोलावून नेलं.

ते लांब गेल्याची खात्री करून हबीबभाई हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमी त्याच्यासंगं काम करता. एक गोष्ट सांगू का? मी त्या दिवशी विचारायले गेलोच नोतो."

मी खाटेजवळ सरकले.

"मले माह्यावालीच घाई होती. मी गावातून औषध घेतलं अन् शेतात गेलो. पण दवाखान्यात सगळे मलेच बोलून राह्यले होते ना, की काऊन नाई विचारलं, काऊन नाई विचारलं. मंग माह्या तोंडातून निघून गेलं की गेलतो, कुलूप होतं. साहेबराव तिथंच उभा होता." त्यांनी डोळे पुसले. अधू डोळ्यांतून नेहमीच पाणी यायचं, की ते वेगळं होतं, मला कळलं नाही. "आता कसं सांगू? एवढं मोठं काम उभं केलं त्यानं. सांगतलं तं काय वाटन त्याले?"

काका परत आले. आम्ही चहा घेतला. पुढे चिखलीला जायचं माझं मन राहिलं नाही. मी काकांबरोबरच परतीच्या, खामगावच्या बसमध्ये बसले. सांगावं की न सांगावं, याच विचारात होते. अर्ध्या रस्त्यात काकाच बोलले.

"हबीबनं सांगतलं ना तुमाले? की तो आलताच नाई म्हनून."

मी दचकले. "तुम्हाला माहीत आहे?"

"तो सगळ्याईले सांगते. माह्यापर्यंत पोचावं म्हनून." ते खिडकीबाहेर पाहत होते. "तो गुरुवार होता, मॅडम. गुरुवारी मी मीटिंगले तालुक्याले राहो. हबीबले हे पक्कं माहीत. त्याले विचारायचं असतं तं बुधवारी आला असता. दवाखान्यातच समजलं मले."

"मग तुम्ही इतकी वर्षं कशाला मनाला लावून घेतलंत? तुमचा काय दोष?"

"तेच तं हाय." काकांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "दोस्त असून त्याले मले विचारावं वाटलं नाई. काऊन वाटन? तवा मी कोणालेच धड सांगत नोतो. ह्या बियाण्याले काईच करा लागत नाई, असं मीच गावोगाव सांगत फिरलो. मंग अळी आली तं म्हनो, वरून पत्र येऊ द्या, पुढच्या आठवड्यात या. हबीबलेबी तसंच म्हटलं असंन कवातरी. माह्या दारात कुलूप नसतं तरी तो आला नसता."

बस एका थांब्यावर थांबली, दोन बायका चढल्या, बस निघाली.

"मग त्यांना सांगून टाका ना की तुम्हाला कळलंय. त्यांचं ओझं तरी उतरेल."

काका थोडं हसले. "दर महिन्याले वाटते, आज सांगू. त्यालेबी तसंच वाटत असंन. दोघंबी चहा पितो अन् पऱ्हाटीचं बोलत बसतो." मग जरा ओशाळल्यासारखे म्हणाले, "माही बायको गेल्यापासून माह्यासंगं अर्धा दिवस बसनारा तेवढा एकच मानूस हाय, मॅडम. सगळं सांगून झालं अन् मंग तो म्हनला, आता कायले येतं एवढ्या दूर, तं?"

खामगाव आलं. काका उठले, माझी पिशवी आपल्या हातात घेतली आणि मलकापूरची गाडी कुठे लागते ते पाहायला पुढे निघाले.