निसर्गाशी नाते जोडण्याबाबत

सोलापुरात पारा त्रेचाळीसवर असताना कार्यालयात परिपत्रक आले. प्रत्येक कर्मचाऱ्याने बर्फाच्या पाण्यात बसून सलग तीस दीर्घ श्वास घ्यावेत, थंडी सोसावी व निसर्गाशी नाते जोडावे. प्रमाणपत्राशिवाय बदलीच्या अर्जाचा विचार होणार नाही.

ज्येष्ठ लिपिक सिद्राम यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. कुर्डुवाडीच्या बदलीसाठी ते चार वर्षे खेटे घालत होते. तिकडे बायको शालन दुखऱ्या गुडघ्यांनी एकटीच घर ओढत होती. निवृत्तीआधी दोन वर्षे तरी सकाळचा चहा तिला आपण करून द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. बदल्यांची मुदत एकतीस मेला संपत होती.

टब आला, बर्फाच्या लाद्या आल्या. कर्मचाऱ्याने बसायला नकार दिल्यास काय करावे, याची परिपत्रकात सव्वा पानभर तरतूद होती. उठायला नकार दिल्यास काय, हे मात्र कोणाला सुचले नव्हते. लिहिणारे बहुधा थंड गावचे असावेत.

पहिला मान अर्थातच कार्यालयप्रमुख सोमशेखरसाहेबांचा. सोमवारी सकाळी अकरा वाजता ते टबात उतरले आणि गुरुवारीही टबातच होते. श्वास मोजायला एक लिपिक नेमला होता; पण पंचविसाव्या श्वासाला साहेबांचा फोन वाजे आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. डबाही तिथेच जाऊ लागला.

एकतीस तारखेला सिद्राम अर्ज घेऊन टबापाशी उभे राहिले.

"साहेब, आज शेवटचा दिवस हाय. माझा नंबर कवा?"

"सिद्राम, नातं आत्ता कुठं जुळतंय. मधेच तोडू का?"

"मग टबाबिगर सही तरी करा की."

"ओल्या हातानं सही फुटते." साहेबांनी डोळे मिटून पहिला श्वास घेतला.

कार्यालय सुटायचे पावणेसहा वाजले. मुदत संपली. सिद्रामना रडूच फुटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे डोके फिरले आणि ते खिडकीशी गेले. बाहेर चार दिवस दाखल्यांसाठी लोक उन्हात उभे होते. आमचे साहेब बर्फात बसलेत म्हणून तुम्ही इथे भाजताय, हे त्यांनी सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगितले.

मग बार्शीहून आलेल्या बजाबाईंनी पदराने घाम पुसला.

"व्हय? मग आमाला त्या टबाचा फॉर्म कुटं मिळंल?"

सिद्रामनी कोरा कागद ओढला आणि नावे लिहायला घेतली. यादी अजून चालू आहे. वाचक हो, हसून झाले असेल तर आपलेही नाव द्या. नाव यादीत वर घालण्यासाठी कोणाची ओळख सांगणार आहात, तेवढे सोबत कळवा.