तांब्या, मी आणि डिकीवाली गाडी

माझे धाकटे दीर गाडी बघायला निघाले की सोबत दोन वस्तू घेतात. एक, काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. दुसरी, मी.

तांब्या मागच्या सीटपुढे खाली, माझ्या दोन पावलांच्या मध्ये. मी सीटवर. मग भाऊजी सोलापुरातला सगळ्यात उखडलेला रस्ता शोधून काढतात आणि गाडी त्यावर घालतात. फेरी संपली की पाणी किती बोटं सांडलं ते बघायचं आणि मला विचारायचं, "वहिनी, किती?"

"सात."

सात म्हणजे सात वेळा 'आई गं'. माझ्या मणक्यात दोन ठिकाणी गॅप आहे. ज्या मणक्याचा फोटो बघून डॉक्टरांनी मान हलवली, तो भाऊजींच्या लेखी सोन्याचा आहे. "असलं मशीन शोरूमवाल्याकडं बी न्हाय," असं ते चारचौघांत सांगतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं इतकं कौतुक कोण करतं? मीही ताठ मानेने मिरवते. सध्या मानच तेवढी ताठ होते.

हा सगळा खटाटोप शकूसाठी. शकू म्हणजे भाऊजींची बायको, माझी जाऊ. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिला गाडीत बसवेना. माहेर टेंभुर्णीचं, दोन तासांइतकंसुद्धा लांब नाही. नव्वदीपुढची आई तिथे अंथरुणाला खिळलेली. ती रोज फोनवर एकच विचारते, "शके, कवा येतीस गं?" गेल्या दिवाळीत भाड्याची गाडी करून निघालो, तर मोहोळ यायच्या आत शकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. गाडी वळवून परत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी तांब्या घासायला घेतला.

"एकदा नेऊन भागायचं न्हाय, वहिनी," ते म्हणाले. "दर पंधरा दिवसाला न्यायची तिला. म्हंजे गाडी मऊ पायजे, आन् पेट्रोल बी बेतानं प्यायला पायजे." शिवाय डिकीवालीच हवी. उंच गाडीत शकूला चढवत नाही आणि छोट्या गाडीत पाय लांब करता येत नाही.

भाऊजींना गाडीतलं किती कळतं असं विचारू नका. बत्तीस वर्षं त्यांनी टेंभुर्णीच्या ह्याच रस्त्यावर लाल बस चालवली. हे मी आज छाती काढून सांगते. तेव्हा सांगत नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा मी बी.ए. होते आणि त्याचा वास माझ्या अंगाला दुरून येत असे. दीर काय करतात असं मैत्रिणींनी विचारलं की मी म्हणायची, "वाहतुकीचं बघतात." एकदा त्याच मैत्रिणींबरोबर नेमकी त्यांच्याच बसमध्ये चढले. ओळख नको म्हणून पदर ओढून थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. भाऊजींनी भर रस्त्यात बस थांबवली, वळून हाळी दिली, "ओ वहिनी! मागं लई दणकं बसत्यात, दोन चाकांच्या मदी या की!" अख्खी बस माझ्याकडे वळली. मी मानी! हलले नाही. घरी आल्यावर तीन दिवस पालथी झोपले.

तर तोच माणूस शोरूममध्ये. टाय लावलेला मुलगा म्हणाला, "काका, कंपनीचं मायलेज बघा ना."

"ते पोरगी दाखवतानाचं पोहं झालं, बाळा. रोजचा स्वैपाक सांग."

रोजचा स्वयंपाक कळावा म्हणून त्यांनी ओळखीपाळखीत जेवढ्या डिकीवाल्या होत्या तेवढ्या मागून घेतल्या. टाकी गळ्यापर्यंत भरायची, आत हवा राहू नये म्हणून गाडी हलवायची, पुन्हा भरायची, मोडनिंबपर्यंत जाऊन यायचं आणि त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा गळ्यापर्यंत. दातांच्या एका डॉक्टरांनी स्वतःची गाडी इतक्यांदा दिली, की शेवटी ते भाऊजींनाच ॲव्हरेज विचारू लागले.

अखेर दोनच उरल्या. करडी गाडी पेट्रोल चमच्याने प्यायची, पण खड्डा आला की खाली काय आहे ते सविस्तर सांगायची. पांढरी गादीसारखी, पण घटाघटा प्यायची. मला पांढरी आवडली होती. म्हणून करडीत मी चार 'आई गं' पदरचे घातले.

भाऊजी मागे वळले. "वहिनी, गाडी तर हुबी हाय. हे कशाचं आई गं?"

पकडले गेले. पण चार दिवसांनी त्यांनी पांढरीच घेतली. म्हणाले, "ॲव्हरेज माणसाच्या पायात असतंय. मऊपणा मात्र गाडीतच लागतो." आणि माझ्या नातीला, सायलीला, रोज संध्याकाळी शिकवायला घेऊन जाऊ लागले. "पाय कसा ठेवायचा, सायले? वाळत घातलेल्या कुरडयांवरनं चालल्यासारखा! मोडली बघ एक!" दोन हजार कुरडया मोडून पोरगी तयार झाली. मला वाटलं, अडीअडचणीला असावी म्हणून शिकवतात.

निघायच्या दिवशी मात्र त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली, मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे शकूच्या शेजारी जाऊन बसले.

"अहो, तुम्ही चालवा की," शकू घाबरलीच.

"बत्तीस वर्सं चालिवली," ते म्हणाले. "तू माज्या गाडीत किती येळा माहेरला गेलीस. म्या कवा तुज्याजवळ बसलो का?"

शकूने पदर आवरून त्यांना जागा करून दिली.

मोहोळ जवळ आलं. मोहोळ गेलं. शकूने फक्त पाय जरा सरकवला आणि भाऊजींनी तिच्या पाठीशी आपला हात दिला. मग ते खिडकीबाहेर बघू लागले.

"शके, हे देऊळ कवा बांधलं गं?"

"अहो, माझ्या लग्नाआधीपासून आहे ते!"

"आन् ती चिंचंची झाडं?"

"ती पण."

"मला नुस्ता म्होरला ट्रक दिसायचा," भाऊजी म्हणाले. "आजून दाव की. काय काय बगायचीस?"

मग ती दाखवत गेली. विहीर, डाळिंबाच्या बागा, एका शेतातलं निळ्या दाराचं घर, आणि प्रत्येकाच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते. इतकं बोलताना मी शकूला कधी ऐकलं नव्हतं.

"आबा, टेंभुर्णीचा फाटा आला," सायली म्हणाली. "वळू का?"

भाऊजींना ऐकूच गेलं नाही.

"वळ गं," मीच म्हटलं. "हळू."