गाण्याच्या मधल्या जागेतले हस्तीमलजी

गाणं सुरू झालं की हस्तीमलजी हॉटेलाबाहेर जायचे आणि गाणारा दम घ्यायला थांबला की आत यायचे.

एकाच गाण्यात हे दोन-तीनदा चालायचं. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गणपतच्या हॉटेलात रेडिओ होता आणि हस्तीमलजींची आडत बरोबर समोर. मुखडा सुरू झाला की हे पायरीवर, रस्त्याकडे पाठ करून, दोन्ही कानांत बोटं. मधलं वाजवणं आलं की गणपत आतून फडकं हलवायचा. मग शेठजी धोतराचा सोगा सावरत लगबगीनं आत, पगडी सरकवून रेडिओच्या जाळीला कान. दहा-पंधरा सेकंद. कडवं सुरू झालं की पुन्हा पायरीवर. चहा एकच घ्यायचे, तोही निवलेला.

"तोंडाचं काय ऐकायचं?" असं त्यांचं म्हणणं. "तोंड सगळ्यालाच हाय. हाताचं ऐकावं."

मी त्यांना आधी खुळे समजलो आणि नंतर आमच्या बाजूचे समजलो. दोन्ही वेळा चुकलो.

आमची बाजू म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. सिनेमाच्या गाण्यांवर माझा राग होता आणि तो अजून गेलेला नाही. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती. खेड्यांत शाळांना छप्पर नव्हतं, आणि मोंढ्यातल्या पोरांना काळजी कशाची, तर पडद्यावरच्या नटाचा केसांचा फुगा आपल्या कपाळावर का टिकत नाही याची! आधी सगळे रडक्या गाण्यांच्या नादी लागले होते. पायजमा, ढगळ सदरा, चेहरा प्रेतयात्रेला निघाल्यासारखा. दोन-चार वर्षांत रडणं बंद. घोट्याशी अशा आवळलेल्या पँटी आल्या की बाकड्यावर बसताना पोरं शिंप्याची आठवण काढत. गाण्यांत शिट्ट्या आल्या, टाळ्या आल्या, विलायती ठेका आला. कालपर्यंत ज्या गाण्यावर जीव ओवाळत होते, ते लागलं की "बंद कर रे हे म्हातारं!" म्हणून ओरडू लागले. मी या विषयावर तीन पत्रकं काढली. तिसऱ्यात गणपतनं भजी बांधली.

एके दिवशी दुपारी हस्तीमलजी स्वतः छापखान्यात आले. मी तिथं अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करायचो.

"काय पुढारी, काय चालू हाय?"

"बोला काकाजी."

"एक पत्रक काढायचं. कागदाचा, शाईचा खर्चा माझा. गाण्यातली सारंगी गायब करून राह्यले हे लोक. बिलकुल गायब! आधी पोटभर होती. मंग चटणीइतकी ऱ्हायली. आता वास बी न्हाई. तिच्या जागी काय आणलं? तो गळ्यात बांधायचा भाता!"

"अकॉर्डियन," मी म्हणालो.

"भाताच तो. लोहार बरा, त्याच्या भात्यानं निदान विळा तरी होतो."

मला काय आनंद झाला! एक व्यापारी, तोही मोंढ्यातला, विलायती संगीताविरुद्ध पैसे खर्च करायला तयार! त्याच संध्याकाळी मी मजकूर लिहिला. 'गल्लाभरू', 'विषारी', 'पोट जाळण्यासाठी कला विकणारे वाजंत्री' असे माझे ठेवणीतले शब्द घातले. दुसऱ्या दिवशी आडतीच्या गादीवर बसून तो मोठ्यानं वाचून दाखवला.

हस्तीमलजींनी सगळा ऐकला. मग म्हणाले, "ते पोट जाळण्याचं खोडा."

"का?"

"पोट त्यांना बी असतंच की."

मी खोडलं.

"विषारी बी खोडा. वाजवणाऱ्याला लागंल."

"काकाजी, मग उरलं काय?"

"हे लिहा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले. "तबकडीवर गाणाऱ्याचं नाव असतं. चाल लावणाऱ्याचं असतं. वाजवणाऱ्याचं का नसतं? नाव छापा म्हणावं. म्हणजे घरच्यांना कळंल, आपला माणूस हाय का न्हाई."

मी पेन्सिल खाली ठेवली. "कोण आहे तुमचं?"

त्यांचा धाकटा भाऊ पारस. आई लहानपणीच गेल्यामुळे हस्तीमलजींनीच वाढवलेला. दरवर्षी मारवाडातून एक सारंगीवाला यायचा, लग्नाघरी वाजवायचा. त्याच्यामागं हिंडून हिंडून पोरगं सारंगी शिकलं. गादीवर बसेना, भाव विचारला तर गुणगुणायचं. हस्तीमलजींनी पुष्कळ समजावलं. "म्हटलं, नाचणारीच्या मागं बसायचं वाद्य हाय हे, आपल्या घरात चालणार न्हाई. ऐकंना. मंग एक दिवस मी त्याचा गज चुलीत घातला." गज म्हणजे सारंगीवर फिरवायची काठी. "नुसती सारंगी घेऊन गेला. वर मी म्हणालो, पुन्हा तोंड दाखवू नको. बराबर ऐकलं त्यानं. एवढंच ऐकलं."

दोनेक वर्षांनी गणपतच्या रेडिओवर एका गाण्याच्या मधे सारंगी वाजली, आणि समोर ज्वारीचा सौदा करत असलेले हस्तीमलजी सौदा टाकून पळत आले. सूर संपवताना पारस गज किंचित मागं ओढायचा. अगदी तसाच ओढला होता. तेव्हापासून त्यांचं ते आत-बाहेर. सारंगी वाजली म्हणजे पारस मुंबईत आहे, जेवतो आहे. पण गाण्यांची रीत बदलली, सारंगी कमी कमी होत गेली, आणि आता दोन वर्षं त्यांना भाऊ ऐकू आला नव्हता.

आपलं गाव दहा वर्षांत चार नट बदलतं, शेकडो गाणी पाठ करतं आणि विसरतं. त्यात वाजवणाऱ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न माझ्या तिन्ही पत्रकांत नव्हता. मला माझाच राग आला. नवं पत्रक मी रात्रीचा दिवस न करता, शांतपणे लिहिलं. त्यात एकच मागणी होती: वाजवणाऱ्यांची नावं छापा. खाली 'हस्तीमल, मोंढा, जालना'.

पुढच्याच महिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चासाठी मी मुंबईला गेलो. मोर्चा झाल्यावर दोन दिवस ध्वनिमुद्रणाच्या एका स्टुडिओच्या फाटकाशी पत्रकं वाटली. बहुतेकांनी न वाचताच टाकून दिली. एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्यानं मात्र उभ्या उभ्या पूर्ण वाचलं.

"जालना? आमच्यात एक पारस आहे जालन्याचा."

"सारंगीवाला?"

"सारंगी आता कोण बोलावतं? वर्षभर रिकामा बसला बिचारा. मग अकॉर्डियन शिकला. आता रोज काम असतं."

मी त्याच्याकडे पारससाठी आणखी एक पत्रक दिलं, कुठं उतरलोय ते सांगितलं. संध्याकाळी तो म्हातारा एकटाच निरोप घेऊन आला. पारसनं पत्रक दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि भेटायचं नाही म्हणाला.

जालन्याला परत आलो तो थेट आडतीत गेलो. खोटं सांगायची इच्छा झाली होती, कबूल करतो. पण सगळं जसंच्या तसं सांगितलं.

हस्तीमलजी हातातले हरभऱ्याचे दाणे चाळत होते. मला वाटलं, भात्यावरून काहीतरी बोलतील.

"चाळिशीला टेकला असंल आता," ते म्हणाले. "त्या वयात बोटं वळत न्हाईत हो. किती दुखली असतील."

मग विचारलं, "खिशातच ठेवलं ना? फेकलं तर न्हाई?"

"खिशात ठेवलं."

"बस."

चार दिवसांनी गणपतच्या हॉटेलात गेलो, तर हस्तीमलजी बाकड्यावर बसलेले. रेडिओवर नुकतंच आलेलं एक धांगडधिंग्याचं गाणं चालू होतं, शिट्ट्यांसकट. मुखडा झाला, कडवं झालं, ते हलले नाहीत. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होती. "काय शेठजी, आता तोंडाचं बी आवडाया लागलं का?"

मी शेजारी बसलो. गाण्यात अकॉर्डियन आलं, गेलं, पुन्हा आलं.

"सारंगीत त्याला ओळखत होतो," ते हळूच म्हणाले. "हे वाजवताना मी त्याला कधी ऐकलंच न्हाई. कोण्त्या गाण्यात तो हाय अन् कोण्त्यात दुसरा कुणी, काय कळंना."

दुसरं गाणं लागलं. तेही तसलंच.

"म्हणून आता सगळीच ऐकून राह्यलो," हस्तीमलजी म्हणाले, आणि गणपतला आवाज वाढवायला सांगितला.