बोटांत धरलेलं माप

सायकल जोडायला अक्कल लागत नाही, पान्हा लागतो! हे मी बायकोसमोर आणि सासऱ्यांसमोर, पायावर पाय टाकून बोललो.

बायकोची आयुष्यातली पहिली सायकल शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तिला सासऱ्यांच्याच जुन्या फ्रेमवर धावायचं होतं, कारण लहानपणी याच दांडीवर बसून ती शाळेत जायची. सासरे शेवटच्या रेषेपाशी खुर्ची टाकून बसणार होते. आता माघार घेतली असती तर नाकच कापलं गेलं असतं!

चाकं बसली, हँडल बसलं. राहिला फक्त पॅडलांच्या मधला अ‍ॅक्सल. मी तो उजवीकडून आत घातला, पान्हा लावला आणि जोर केला. ढिम्म! पान्ह्याला लोंबकळलो. तरी ढिम्म!

"अरे, यावर उलटा बाण काढलाय," बायको म्हणाली.

"ते डिझाइन आहे."

"डिझाइनखाली 'घट्ट' लिहितात होय?"

उलटा फिरवला, तर मुकाट्याने आत गेला. मी घाम पुसला, उजवा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, चढवला, फिरवला आणि खर्रर्र! दातेरी चाक फ्रेमला घासत होतं. अ‍ॅक्सल आखूड पडला होता! दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.

"जावईबापू, हातोडी आणू?" सासऱ्यांकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध!

"बाबा, नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

अ‍ॅक्सल आहे तेवढा आणि वर जरासा, असं माप मी अंगठा आणि बोट ताणून धरलं आणि धूम ठोकली. वाटेत शेजारी भेटले. "काय हो, कुठे निघालात?"

"नंतर सांगतो!" मी तो ताणलेला हात पुढे करून ओरडलो. ते बिचारे भिंतीला चिकटले.

खिशात फोन वाजायला लागला. उजवा खिसा आणि मापही उजव्याच हातात! बोटं जराशी हलली असती तर बायकोची शर्यत बुडाली असती. फोन वाजत राहिला, मी पळत राहिलो.

दुकानदार शटर ओढत होता. "थांबा! एवढा अ‍ॅक्सल द्या!"

तो माझ्या बोटांकडे बघतच राहिला. "साहेब, मिलिमीटरमध्ये सांगा."

तेवढ्यात मला शिंक आली. माप गेलं!

डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा फोन वाजला, तो आता मोकळ्या हाताने उचलला.

"कधीची फोन करतेय! अ‍ॅक्सलच्या रिकाम्या खोक्यावर नंबर छापलाय. घे लिहून आणि त्याच्या पुढचा माग!"

घरी येऊन नवा अ‍ॅक्सल बसवला, उजवा क्रँक चढवला, जीव मुठीत धरून फिरवला. आवाज नाही! सासऱ्यांनी कान लावला. "छे, अजिबात नाही हो!" मला रडूच यायचं बाकी होतं. त्याच भरात डावा क्रँकही बसवून करकचून आवळला. बायको पायांना आराम म्हणून केव्हाच झोपली होती.

सकाळी शिट्टी वाजली. सगळे सुसाट निघाले. बायको जागेवरच!

तिचे दोन्ही पाय एकदम खाली गेले होते. तिने पॅडल मागे फिरवलं, तर दोन्ही एकदम वर! डावा क्रँक मी उजव्याच्याच दिशेने बसवला होता.

"पान्हा?" तिने विचारलं.

"घरी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे कसं बघितलं ते इथे सांगण्यासारखं नाही. ती खाली उतरली, हँडल घट्ट धरलं आणि सायकल ढकलत पळत सुटली. मी धापा टाकत मागे. शेवटच्या रेषेपाशी सासरे खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "पळ पोरी, पळ!"

आणि पोरीने शर्यत पुरी केली! इतकंच नाही, तिच्याही मागून दोघं आले.

त्या दोघांच्या सायकली दुकानात जोडलेल्या होत्या, हे मी बायकोला अजूनही अधूनमधून सांगतो. जरा लांब उभा राहून.